हिवतापाच्या डासांची मोजणी : नमुना घेण्याच्या पद्धती आणि आकड्यांचा अर्थ

एखाद्या शहरात किंवा गावात एकूण डास किती आहेत, हे कोणालाही मोजता येत नाही. मोजता येतात ते केवळ पकडलेले डास. ते कोठे शोधले, दिवसाच्या कोणत्या प्रहरी शोधले आणि कोणत्या साधनाने पकडले, यावर हाती येणारा आकडा ठरतो. म्हणूनच कीटकशास्त्रात ‘अमुक ठिकाणी डास कमी झाले’ असे विधान पद्धतीचा उल्लेख केल्याविना पूर्ण मानले जात नाही. हिवतापाच्या बाबतीत या काटेकोरपणाला विशेष महत्त्व आहे. कारण फवारणी कोठे करायची, गप्पी मासे कोठे सोडायचे आणि रोगाचा प्रसार थांबला असे केव्हा म्हणायचे, हे निर्णय याच आकड्यांच्या आधारे घेतले जातात.

हिवतापाचा प्रसार केवळ ॲनोफेलिस कुळातील मादी डासांकडून होतो. भारतात या कुळाच्या सुमारे साठ जाती आढळतात. पण प्रमुख वाहक म्हणून सहाच जाती गणल्या जातात. ग्रामीण सपाट प्रदेशात ॲनोफेलिस क्युलिसिफेसीस, डोंगरपायथ्याच्या ओढ्यांत ॲनोफेलिस फ्लुविआटिलिस, तर शहरांत ॲनोफेलिस स्टीफेन्सी ही जात मुख्य ठरते. गोव्यातील हिवतापाशी निगडित असलेली जात स्टीफेन्सी हीच होय. प्रत्येक जातीच्या सवयी निराळ्या असल्यामुळे सर्वांना सारखाच लागू पडेल असा एकही सापळा नाही.

चुकीच्या नमुन्यात गेलेली दोन वर्षे

नमुन्याचे महत्त्व हिवताप संशोधनाच्या पहिल्याच अध्यायात दिसते. रोनाल्ड रॉस यांनी १८९५ पासून दोन वर्षे डासांचे विच्छेदन केले. मात्र ते तपासत होते ते करड्या आणि पट्टेरी डासांना, म्हणजे आजच्या भाषेत क्युलेक्स व एडिस यांना. घरांभोवती ते सहज मिळत असत. त्यांच्या शरीरात मानवी हिवतापाचा परजीवी वाढतच नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हते. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे त्यांच्या हाती ठिपकेदार पंखांच्या डासांच्या अळ्या आल्या. त्यांतून वाढवलेले डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावू देण्यात आले आणि २० ऑगस्ट रोजी त्यांपैकी एका डासाच्या जठराच्या भित्तिकेवर रॉस यांना परजीवीच्या वाढीची अवस्था दिसली. मेहनत आणि सूक्ष्मदर्शक पूर्वीचेच होते. बदलला तो नमुना.

स्टीफेन्सी या जातीचा इतिहासही मराठी मुलखाशी जोडलेला आहे. ग्लेन लिस्टन या वैद्यकीय अधिकाऱ्याने वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे ॲनोफेलिस डासांच्या सवयींचा अभ्यास केला आणि १९०१ साली या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे मुंबईतील हिवतापाची चौकशी करणाऱ्या चार्ल्स बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने शहरातील विहिरी आणि पाण्याच्या टाक्या यांकडे बोट दाखवले. दलदल आणि तुंबलेली गटारे म्हणजेच हिवताप, ही समजूत मुंबईपुरती तरी चुकीची ठरली. स्टीफेन्सीला माणसाने साठवलेले स्वच्छ पाणी आवडते.

पाण्यातील नमुना

डासाच्या आयुष्यातील अंडी, अळी आणि कोष या तीन अवस्था पाण्यात जातात. अळ्यांचा नमुना घेण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे लांब दांड्याचा पांढरा डिपर. त्यात साधारण ३५० मिलिलिटर पाणी मावते. पाण्याच्या कडेला तो तिरका बुडवून काढतात आणि त्यात आलेल्या अळ्या मोजतात. दहा वेळा बुडवून २५ अळ्या मिळाल्या, तर घनता दर डिपरमागे अडीच अशी नोंदवली जाते. ॲनोफेलिसची अळी ओळखणे कठीण नसते. तिला श्वासनलिकेची लांब नळी नसल्याने ती पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. क्युलेक्स व एडिसच्या अळ्या डोके खाली करून लोंबकळतात.

या सोप्या वाटणाऱ्या कामात हातोटी लागते. पाण्यावर सावली पडली किंवा धक्का बसला की अळ्या तत्काळ तळाशी जातात. त्यामुळे कर्मचारी सूर्याकडे तोंड करून उभा राहतो, सावली मागे पडू देतो आणि दोन बुडवण्यांच्या मध्ये पाणी निवळू देतो. विहिरीत डिपर पुरेसा पडत नाही. तेथे दोरीला बांधलेली जाळी कडेकडेने फिरवून वर काढतात, काही मिनिटे थांबून पुन्हा सोडतात. इमारतीच्या गच्चीवरील टाकीत, बांधकामावर पाणी मारण्यासाठी केलेल्या हौदात किंवा नव्या स्लॅबवर साचवलेल्या उथळ पाण्यात प्रत्येक ठिकाणी बुडवण्याची रीत बदलते.

अळ्यांच्या नमुन्याची मर्यादा स्पष्ट आहे. किती जागा तपासल्या आणि त्यांपैकी किती दूषित निघाल्या, हे त्यावरून कळते. पण त्या अळ्यांतून किती डास जगले, ते कोणाला चावले, त्यांच्यात परजीवी होते का, यांपैकी काहीच कळत नाही. तरीही शहरी हिवतापात या पद्धतीचे मोल मोठे आहे, कारण शहरात प्रौढ स्टीफेन्सी हाती लागणे फार अवघड असते.

विसावलेले डास

रात्री रक्त शोषल्यानंतर मादी अंडी पक्व होईपर्यंत काळोख्या, दमट जागी विसावते. उष्ण हवामानात हा काळ सुमारे दोन दिवसांचा असतो. या अवस्थेतील डास पकडण्यासाठी भारतात पूर्वापार वापरली जाणारी साधने म्हणजे विजेरी आणि शोषनळी. काचेच्या नळीला जोडलेल्या रबरी नळीतून हलकेच श्वास ओढला की भिंतीवरचा डास नळीत येतो. मध्ये बसवलेल्या जाळीमुळे तो तोंडात जात नाही. कीटक संग्राहक पहाटेनंतर घरे, गोठे आणि मजुरांच्या खोपट्यांतून भिंती, छपराची आतली बाजू, खाटेखालची जागा आणि टांगलेले कपडे तपासतो.

या पद्धतीचे मोजमाप ‘मनुष्यतास घनता’ या नावाने नोंदवतात. दोन संग्राहकांनी सहा घरांत प्रत्येकी दहा दहा मिनिटे शोध घेतला, तर एकूण श्रम दोन मनुष्यतासांचे झाले. त्यांना एका जातीच्या १४ माद्या मिळाल्या, तर त्या जातीची घनता सात. हिशेब सरळ असला तरी त्यात माणसाचे कौशल्य मिसळलेले असते. मुरलेल्या संग्राहकाच्या जागी नवखा आला की डास कमी न होताही आकडा घसरतो.

हा दोष टाळण्यासाठी फवारणी करून डास खाली पाडण्याची पद्धत वापरतात. खोलीतील अन्न व पाणी बाहेर काढून जमिनीवर पांढऱ्या चादरी अंथरतात, दारे-खिडक्या लावून घेतात आणि पायरेथ्रमची फवारणी करतात. दहा-पंधरा मिनिटांनी चादरी उचलून त्यांवर पडलेले डास वेचले जातात. खोलीतील जवळजवळ सर्वच डास यात मिळतात आणि रात्री तेथे झोपलेल्यांच्या संख्येने भागून दर माणशी प्रमाण काढता येते. मात्र सिमेंटच्या मोठ्या घरात ही पद्धत राबवणे अवघड असते आणि घरमालकाची संमतीही सहज मिळत नाही.

चादरीवरील डासांच्या पोटाकडे पाहूनही बरेच कळते. नुकतेच रक्त प्यालेल्या मादीचे पोट लाल दिसते. अंडी पक्व झालेल्या मादीचे पांढुरके व फुगीर. डास दोन्ही दिवस घरातच विसावत असतील, तर दोन्ही प्रकारच्या माद्या जवळपास सारख्या संख्येने मिळायला हव्यात. ताज्या रक्ताच्या माद्या पुष्कळ आणि पक्व अंड्यांच्या नगण्य असतील, तर डास घरात चावून नंतर बाहेर जात असल्याचा तो पुरावा ठरतो. अशा वेळी भिंतीवरील फवारणीचा उपयोग मर्यादित राहतो. नायजेरियाच्या उत्तर भागात १९६९ ते १९७६ या काळात चाललेल्या गार्की प्रकल्पात घरोघरी फवारणी आणि सामूहिक औषधोपचार करूनही प्रसार थांबला नाही. तेथील डासांचा एक भाग घराबाहेर विसावत होता, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण मानले गेले. ईशान्य भारतातील जंगलपट्ट्यातला ॲनोफेलिस बायमाय तर रात्री घरात शिरून चावतो आणि उजाडण्यापूर्वी निघून जातो. तेथे सकाळी भिंती तपासणाऱ्याला घर निर्धोक वाटेल.

बाहेर विसावणाऱ्या डासांसाठी खिडकीला निर्गमन सापळा लावतात, सावलीत खड्डे खणून त्यांच्या बाजूंना कोनाडे करतात किंवा मातीची मडकी आडवी ठेवून सकाळी तपासतात. या जागांतून संख्या कमी मिळते. पण घरातील नमुन्यात न दिसणारे डास त्यामुळे दिसू लागतात.

चावायला येणारे डास

रोगप्रसाराच्या दृष्टीने खरा प्रश्न एकच असतो : एका माणसाला एका रात्रीत किती डास चावतात? याचे थेट उत्तर देणारी पद्धत म्हणजे मानवी आमिष. संग्राहक संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पाय उघडे ठेवून बसतो आणि पायावर बसलेला प्रत्येक डास चावण्यापूर्वी शोषनळीत ओढतो. तासागणिक वेगळ्या पेल्यात डास ठेवल्याने ते संध्याकाळी अधिक येतात की मध्यरात्रीनंतर, घरात अधिक येतात की अंगणात, हेही समजते. मच्छरदाणी कितपत संरक्षण देईल, याचा अंदाज या नोंदींवरूनच बांधता येतो.

या पद्धतीवरील नैतिक आक्षेप उघड आहे. संग्राहकाला प्रतिबंधक औषध देणे, त्याची लेखी संमती घेणे आणि ताप आल्यास त्वरित उपचार करणे या अटी आज अनिवार्य मानल्या जातात. औषध घेणाऱ्या संग्राहकांना इतरांच्या तुलनेत हिवताप फारच कमी होतो, असे पश्चिम केनियातील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. परंतु डेंग्यूसाठी असे प्रतिबंधक औषध उपलब्ध नाही. जेथे एडिस डासही भरपूर आहेत, अशा शहरात माणसाला आमिष म्हणून बसवणे त्यामुळेच समर्थनीय ठरत नाही.

पर्याय म्हणून प्रकाश सापळा सर्वाधिक वापरला जातो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातील सुडिया आणि चेंबरलेन यांनी १९६२ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. लहान दिवा, बॅटरीवर चालणारा पंखा आणि खाली जाळीची पिशवी एवढेच त्याचे भाग. मच्छरदाणीत झोपलेल्या माणसाच्या पायथ्याशी, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर तो टांगतात. माणसाच्या गंधाने डास जवळ येतात, मच्छरदाणीमुळे त्यांना चावता येत नाही आणि पंख्याच्या झोताने ते पिशवीत ओढले जातात. आफ्रिकेतील प्रमुख ग्रामीण वाहकांसाठी हा सापळा उपयुक्त ठरला असला, तरी सर्व जाती त्याकडे सारख्या येत नाहीत. म्हणून नव्या प्रदेशात तो वापरण्यापूर्वी मानवी आमिषाशी त्याची तुलना करून पाहावी लागते.

दुहेरी मच्छरदाणीच्या पद्धतीत माणूस आतल्या जाळीत सुरक्षित झोपतो. बाहेरची जाळी जमिनीपासून थोडी वर असते आणि खालून शिरलेले डास दोन जाळ्यांमध्ये अडकतात. मानवी गंधाची रासायनिक नक्कल आणि कार्बन डायऑक्साइड वापरणारे सापळेही आले आहेत. गुरांकडे जाणाऱ्या जातींसाठी गोठ्याभोवती जाळी लावतात. मात्र तेथील आकड्यावरून माणसाला असलेला धोका सांगता येत नाही.

पकडल्यानंतरची तपासणी

डास नळीत आला म्हणजे काम निम्मेच झाले. प्रथम त्याची जात निश्चित करावी लागते. ॲनोफेलिस बसताना शरीर तिरके ठेवतो आणि मादीच्या सोंडेलगतची दोन स्पर्शांगे सोंडेएवढीच लांब असतात. स्टीफेन्सीच्या स्पर्शांगांवर फिकट पट्ट्यांच्या जोडीला बारीक ठिपके दिसतात. पण बाह्यरूप सारखे असणाऱ्या सर्व डासांचे वर्तन सारखे नसते. क्युलिसिफेसीस हा प्रत्यक्षात पाच सहोदर जातींचा गट असून त्यांतील ‘बी’ ही जात हिवतापाची दुबळी वाहक मानली जाते. गुणसूत्रांच्या किंवा डीएनएच्या तपासणीशिवाय त्या वेगळ्या करता येत नाहीत. एखाद्या गावात क्युलिसिफेसीसची घनता भरपूर आणि हिवताप मात्र तुरळक असेल, तर त्याचे स्पष्टीकरण अनेकदा या भेदात सापडते.

त्यानंतर पोटातील रक्त माणसाचे की गुरांचे, हे तपासले जाते. लाळग्रंथींत परजीवीची संसर्गक्षम अवस्था, म्हणजे स्पोरोझॉइट, आहे का, हे विच्छेदनाने किंवा एलायझा चाचणीने पाहतात. चावण्याचा दर आणि संसर्गक्षम डासांचे प्रमाण यांचा गुणाकार म्हणजे प्रसाराचे खरे माप. उदाहरणार्थ, एका माणसाला रात्री सरासरी दोन डास चावत असतील आणि २०० पैकी एक डास संसर्गक्षम असेल, तर त्या माणसाला वर्षाकाठी साधारण तीन ते चार संसर्गक्षम दंश होतात.

वयाची तपासणी याहून नाजूक आहे. सोव्हिएत कीटकशास्त्रज्ञ देतिनोवा यांनी रूढ केलेल्या पद्धतीत अंडाशयावरील सूक्ष्म श्वासनलिका पाहतात. त्या गुंडाळलेल्या असल्या तर मादीने अजून अंडी घातलेली नाहीत. उलगडलेल्या असल्या तर एकदा तरी घातली आहेत. या प्रमाणावरून डासांचे दैनंदिन जगण्याचे प्रमाण काढता येते. दोन दिवसांचे अंडीचक्र धरले आणि अंडी घातलेल्या माद्या ४९ टक्के निघाल्या, तर रोज ७० टक्के डास जगतात असा अर्थ होतो. त्या ८१ टक्के असतील, तर रोज ९० टक्के जगतात. परजीवीला डासाच्या शरीरात वाढायला दहा दिवस लागले असे मानल्यास पहिल्या ठिकाणी शंभरातील सुमारे तीन डास तेवढे जगतील, दुसऱ्या ठिकाणी पस्तीस. पहिल्या ठिकाणी डास पाचपट असले, तरीही दुसरे ठिकाण अधिक धोकादायक ठरते. नुसत्या संख्येवर विसंबणे किती फसवे आहे, हे यावरून लक्षात यावे.

शून्याचा अर्थ

हिवताप ओसरत जातो तसे नमुन्याचे काम सोपे न होता अवघड होते. ३०० डास तपासले आणि एकातही परजीवी मिळाला नाही, तर संसर्गक्षम डासांचे प्रमाण शून्य आहे असे सिद्ध होत नाही. संख्याशास्त्राच्या नियमानुसार ते सुमारे एक टक्क्यापर्यंत असू शकते, एवढेच त्यावरून म्हणता येते. हजारात एक असे प्रमाण नाकारायचे झाल्यास जवळपास तीन हजार डास तपासावे लागतील. आणि शहरात तेवढे प्रौढ स्टीफेन्सी मिळवणे हे स्वतंत्र आव्हान आहे.

या जातीने आफ्रिकेत जे घडवले, त्यावरून या आव्हानाची कल्पना येते. जिबूती येथे २०१२ मध्ये स्टीफेन्सी प्रथम आढळला. त्या वर्षी तेथे हिवतापाचे ३० हूनही कमी रुग्ण नोंदले गेले होते; २०२० मध्ये ही संख्या ७० हजारांच्या पुढे गेली. २०१६ मध्ये तो इथिओपियात सापडला आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याबद्दल इशारा दिला. आफ्रिकेतील सर्वेक्षण यंत्रणा ग्रामीण, घरात विसावणाऱ्या डासांसाठी उभी राहिली होती. प्रकाश सापळे आणि घरातील फवारणी यांत हा शहरी डास क्वचितच येई. अखेर पाण्याच्या टाक्या, पिंपे आणि बांधकामावरील हौद तपासायला सुरुवात झाली, तेव्हा त्याच्या अळ्या मिळू लागल्या. भारतीय शहरांत शतकभर वापरात असलेली पद्धतच तेथेही उपयोगी पडली.

गोव्यात १९८६ पासून पणजीत स्थानिक प्रसार दिसू लागला आणि पुढे किनारी, वेगाने वाढणाऱ्या वस्त्यांत तो पसरला. वाढती बांधकामे, त्यांवर साठवलेले पाणी आणि हिवतापग्रस्त भागांतून आलेले मजूर यांचा त्याच्याशी निकटचा संबंध होता. येथील नियंत्रणाचा भर त्यामुळेच टाक्या, विहिरी व हौद यांची नियमित पाहणी, अळीभक्षक मासे, जैविक अळीनाशके आणि बांधकाम मजुरांची रक्ततपासणी यांवर राहिला. रुग्णसंख्या आता फार खाली आली आहे आणि २०२७ पर्यंत देशात स्थानिक रुग्णांची संख्या शून्यावर आणण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. परंतु डास गेलेला नाही. परजीवी घेऊन एखादा प्रवासी आला आणि त्याच्या आसपास उघडी टाकी असली, तर साखळी पुन्हा जुळू शकते.

या टप्प्यावर नमुन्यातील सर्वांत मोठी उणीव साधनांची नसून प्रवेशाची असते. आरोग्य कर्मचाऱ्याने शंभर इमारतींच्या टाक्या तपासायच्या ठरवल्या, वीस गच्च्यांना कुलूप मिळाले आणि उरलेल्या ऐंशींपैकी चार टाक्यांत अळ्या आढळल्या, तर अहवालात पाच टक्के असा आकडा लिहिला जातो. कुलपामागच्या वीस टाक्या मात्र त्या आकड्यात कोठेच नसतात. आणि महिनोन्महिने बंद असलेल्या घरांवरील टाक्यांकडे लक्ष देणारे कोणी नसल्याने तेथील स्थिती इतर टाक्यांसारखीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. कुलूपबंद जागांची स्वतंत्र नोंद ठेवणे आणि त्यांना पुन्हा भेट देणे हा म्हणूनच नमुना घेण्याच्या पद्धतीचाच भाग आहे. गृहनिर्माण संस्थेने गच्चीची किल्ली पाहणीच्या दिवशी उपलब्ध ठेवली, तर संपूर्ण परिसराचा आकडा अधिक विश्वासार्ह होतो.